रस्त्यावरून दिसेल तेवढं

नियम सहावा: अनुदान मिळेल
रस्त्यावरून दिसेल तेवढ्याच घराला.
अर्धा खर्च शहराचा, अर्धा मालकाचा.
पावत्या मूळ हव्यात, फोटो दोन:
आधीचा आणि नंतरचा.
फोटो काढायला मी जातो.

एल्म स्ट्रीटवर आता एल्म एकही नाही.
घर क्रमांक चारशे बारा, लुड्मिला ह्राबोव्स्की, वय एक्क्याऐंशी.
अर्जात ‘दुरुस्तीचं कारण’ या रकान्यात
तिनं लिहिलं होतं: तुमचं पत्र आलं म्हणून.

मी पलीकडच्या फुटपाथवर उभा राहिलो.
पोर्चचा डावा खांब कलंडलेला,
बस चुकलेल्या माणसासारखा.
खिडक्यांभोवती रंगाचे पोपडे,
सरोवराकडून वारा आला की
त्यातला एखादा सुटून हिरवळीवर पडायचा.

ती म्हणाली, आधी मागचा जिना बघ.
तिसरी पायरी एक दिवस जीव घेणार आहे माझा.
म्हटलं, मागचा जिना रस्त्यावरून दिसत नाही.
म्हणाली, मीसुद्धा नाही दिसत.
मी तिथूनच ये-जा करते.

मग मी रंगांचा तक्ता उघडला.
बारा छटा, समितीनं मंजूर केलेल्या, वर मथळा:
‘आपल्या रस्त्याचे पूर्वापार रंग.’
लोणी, शेवाळ, विटकरी, फिकट आकाशी...
ती इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला.
पूर्वापार?
अरे, हा अख्खा रस्ता करडा होता.
जहाजाच्या डेकचा करडा!
गोदीतून यायचा, रोज थोडा थोडा,
जेवणाच्या डब्यांत, कोटांच्या खिशांत बाटल्यांतून.
माझ्या श्टेफानच्या थर्मासमध्ये
अकरा महिने कॉफी नव्हती.
तेव्हा कुठे हे घर झालं एका रंगाचं.
तुझ्या बापाचं कुठलं होतं रे?

मी फॉर्मवर तारीख घातली.
आमचंही करडंच होतं.
शाळेत घराचं चित्र काढताना
मी पेटीतला तोच खडू आधी संपवायचो.

ओडेल प्रुइट आणि त्याचा भाचा
तीन दिवस खरवडत होते,
तोंडाला मास्क, खाली प्लास्टिक अंथरलेलं.
वरचा पांढरा सहज निघाला. करडा निघेना.
खाऱ्या पाण्याशी झुंजायला केलेला रंग तो,
गोड्या पाण्याच्या गावात म्हातारा झालेला,
कुणाशी झुंजायचं ते न कळल्यामुळे
पात्याशीच झुंजत राहिला.

समोरचं घर भाड्याचं.
भाडेकरूंना अर्ज करता येत नाही, नियम चौथा.
मारिसोल रात्रपाळीहून येते, पायरीवर बसून बूट काढते
आणि समोरच्या लोणी-पिवळ्याकडे बघत राहते.
मला म्हणाली, रंग तिचा, पण बघायला मिळतो मलाच.
ती तर आत असते.
हे समितीला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

ऑक्टोबरात ‘नंतरचा’ फोटो काढायला गेलो.
खांब सरळ. कठड्याला पांढरी किनार.
लुड्मिला दारात उभी राहायला तयार होईना,
म्हणाली, मला कुठे अनुदान मिळालंय?
पावत्या तिनं बिस्किटांच्या डब्यात जपल्या होत्या.
रंग, खिळे, प्रायमर,
पोर्चच्या फळ्या, नग नऊ.

मी पोर्चवरच्या नव्या फळ्या मोजल्या.
आठ.
पुन्हा मोजल्या, या वेळी बुटाच्या टोकानं.
आठ.
ओडेल गाडीत शिडी चढवत होता,
तो नेमका तेव्हाच शिट्टी वाजवायचा थांबला.
लुड्मिलानं स्वयंपाकघरातून विचारलं,
कॉफी घेणार का?
थर्मासमध्ये आहे, गरम.

मी रकान्यात नऊ लिहिलं.
मागे जाऊन बघितलं नाही.
रस्त्यावरून ते दिसत नव्हतं.